शांतता समितीच्या बैठकीला मंडपवाल्यांनाही बोलवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंधरवड्यापूर्वी आपल्या अंकात सर्वधर्म सद्भावना मेळाव्याचा फोटो आला होता. भगव्या, पांढऱ्या आणि काळ्या पोशाखातले मान्यवर एकमेकांचे हात धरून मंचावर उभे, शेजारी चीवर नेसलेले भन्तेजी. त्यांच्या डोक्यावरचा निळ्या झालरीचा मंडप माझा आणि समोरच्या खुर्च्याही माझ्याच. त्यातल्या निम्म्याहून जास्त रिकाम्या होत्या, पण फोटो मंचाचा असल्यामुळे ते वाचकांना दिसलं नसेल. मेळावा वाईट झाला असं मी म्हणत नाही. भाडंसुद्धा वेळेवर मिळालं. पण मंडपवाल्याला कार्यक्रम संपेपर्यंत थांबावंच लागतं, त्यामुळे मी सगळी भाषणं ऐकली आणि प्रत्येक भाषणात तेच वाक्य फिरून फिरून आलं की शेवटी सगळे धर्म एकच गोष्ट सांगतात. उभा जन्म सगळ्या धर्मांचे मंडप बांधण्यात गेलेल्या माणसाला हे पटत नाही, म्हणून हे पत्र. सध्या अधिक ज्येष्ठ चालू आहे, लग्नं नाहीत, जावयांचे अनारसे सोडले तर कोणाच्या घरी काही नाही, त्यामुळे लिहायला सवड आहे. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त शेवटची मागणी तेवढी कापू नका.

मी सक्करदऱ्यात बिछायत केंद्र चालवतो. पुण्या-मुंबईचे वाचक त्याला मंडप डेकोरेटर्स म्हणतील. धंदा वडिलांनी सुरू केला, थोड्या सतरंज्या आणि चार गंजांवर, म्हणजे मोठ्या पातेल्यांवर. आमच्या भागाचं वैशिष्ट्य असं की एका अंगाला संघाची रेशीमबाग, दुसऱ्या अंगाला उमरेड रोडवरची ताजबाग, म्हणजे ताजुद्दीन बाबांचा दर्गा, आणि जवळच राजे रघुजीराव भोसल्यांचा वाडा. ताजुद्दीन बाबा मूळचे कामठीचे. १८९२ साली इंग्रजांनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि १९०८ साली रघुजीरावांनी हमी भरून त्यांना बाहेर काढलं, आपल्या वाड्यावर आणून ठेवलं. एक मराठा राजा, एक मुसलमान फकीर. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले. त्याच वर्षीच्या दसऱ्याला, २७ सप्टेंबरला, डॉ. हेडगेवारांनी महाल भागात संघ काढला. आणि १९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथेच, दीक्षाभूमीवर, धम्मदीक्षा घेतली. हे सगळं एकाच शहरात, सायकलनं दुपारभरात फिरता येईल एवढ्या टापूत. या तिन्ही ठिकाणी जाणाऱ्या लोकांना माझ्या गोडाऊनमधलं सामान लागतं.

आता भांड्यांबद्दल सांगतो. माझ्याकडे भांड्यांच्या दोन रांगा आहेत. काठाला हिरवा पट्टा मारलेले गंज शाकाहारी स्वयंपाकाचे, लाल पट्ट्याच्या डेगा मांसाहारी. धुण्याचे ओटे वेगळे, घासायचा काथ्याही वेगळा. इतवारीतले एक जैन काका पर्युषणाच्या आधी दरवर्षी स्वतः गोडाऊनमध्ये येतात. चष्मा कपाळावर सरकवून गंजात डोकं घालतात आणि काठाच्या वळणाखाली नख फिरवून बघतात, कारण जुनं तेल नेमकं तिथेच चिकटून राहतं. मग वास घेतात. गंज धुणारा माझा माणूस मुसलमान आहे, मोमीनपुऱ्यात राहतो. हे काकांना माहीत आहे. ते त्यालाच विचारतात, "सोड्यानं धुतला ना रे?" तो म्हणतो, "काकाजी, दोन पाणी सोडा, एक पाणी चिंच. हात लावून पाहा ना." काका हात लावून पाहतात आणि गंज टेम्पोत चढतो. काकांनी त्याला त्याच्या धर्मातलं कधी काही विचारलेलं नाही. त्याला मात्र काकांच्या धर्मातलं एवढं पक्कं ठाऊक आहे की सूर्य मावळायच्या आत पंगत उठली पाहिजे, म्हणून पाण्याची टाकी दुपारी चारलाच भरून ठेवायची. कांदा, बटाटा, लसूण त्या टेम्पोच्या आसपास येऊ द्यायचा नाही. रमजानमध्ये हाच माणूस लाल पट्ट्याच्या डेगा इफ्तारीला नेतो, तेव्हा मिनिटाचा हिशेब उलटा असतो. तिथे सूर्य मावळल्यावरच पहिला घास. एका पंगतीला सूर्यास्ताआधी उठायचं आहे आणि दुसरीला सूर्यास्तानंतर बसायचं आहे. दोघंही एकच गोष्ट सांगतात असं त्या दोघांपैकी कोणीच म्हणणार नाही, आणि म्हणायची गरजही पडत नाही.

दीक्षाभूमीचं तर विचारूच नका. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. ज्यांचे आजे-पणजे त्या दिवशी ऊन अंगावर घेऊन उभे राहिले आणि जाणूनबुजून जुना धर्म सोडून आले, त्यांच्यासमोर माइकवर "सगळे धर्म सारखेच" म्हणणं म्हणजे तुम्ही उगाच एवढा खटाटोप केला असं सांगण्यासारखं आहे. त्या मेळाव्यात भन्तेजींनी हे ऐकून घेतलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेचाही उल्लेख झाला, तो होतोच. ११ सप्टेंबरच्या भाषणातल्या "बंधू-भगिनींनो"वर टाळ्या पडल्या आणि विषय संपला. २७ सप्टेंबरला समारोपाच्या सत्रात विवेकानंद काय म्हणाले ते मंचावर कोणी सांगत नाही. ख्रिश्चनानं हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाही, हिंदूनं किंवा बौद्धानं ख्रिश्चन व्हायचं नाही, प्रत्येकानं दुसऱ्यातलं घ्यावं पण आपलं वेगळेपण राखावं, असा त्या भाषणाचा रोख होता. माझे हिरवे-लाल पट्टे त्यात बसतात.

मग एकत्र नांदायचं कसं? माझ्या धंद्यात याचं उत्तर कॅलेंडरवर असतं. आमच्या दुकानात भिंतीवर दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत, एक आपलं पंचांगाचं आणि एक उर्दू. दोन्हीकडे महिना चंद्रावर चालतो. आपला अमावस्येनंतर सुरू होतो, त्यांचा चंद्रकोर दिसल्यावर. त्यामुळे मोहरमची १० तारीख ही कायम आपल्या शुद्ध दशमी-एकादशीच्या जवळपास पडते आणि ईद-ए-मिलाद शुद्ध त्रयोदशी-चतुर्दशीच्या. फरक एवढाच की आपण साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतो, ते घालत नाहीत. म्हणून त्यांचं वर्ष दरवेळी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं आणि सुमारे ३३ वर्षांत पूर्ण चक्कर मारून परत येतं. याचा अर्थ असा की सण एकमेकांवर आदळणं हा योगायोग नाही, आणि त्यात कोणाचा कटही नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर पुढच्या पन्नास वर्षांचं सांगता येतं.

अलीकडचंच बघा. २०२२ ला १० जुलैला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी. २०२३ ला २९ जूनला पुन्हा तेच. मग अधिक श्रावण आला, महिना पुढे सरकला आणि २०२४ ला १७ जुलैला आषाढी व मोहरम एकत्र, २०२५ ला ६ जुलैला परत एकत्र. भाद्रपदात २०२३ ला २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकच दिवस, पुढची दोन वर्षं एका दिवसाच्या अंतरानं. दसरा आणि मोहरम यांची गाठ २०१५ ते २०१७ अशी सलग तीन वर्षं पडली. वडिलांच्या जुन्या वहीत तीच गाठ १९८३ च्या आसपास सापडते, आणि पुढची पडेल २०४८ च्या सुमारास, तेव्हा गोडाऊनच्या किल्ल्या माझ्या नातवाकडे असतील. ज्याला आपण दरवेळी "अचानक उद्भवलेली संवेदनशील परिस्थिती" म्हणतो, ती वहीत तेहतीस वर्षं आधी लिहिलेली असते. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला बसतील आणि मिलाद ऑगस्टअखेरीलाच होऊन जाईल. म्हणजे यंदा टक्कर नाही. नेमकी अशाच वर्षी बसून बोलायला हवं, कारण डोकी थंड असतात.

टक्कर झाली तेव्हा लोकांनी काय केलं तेही सांगायला हवं. २०२३ च्या आषाढीला राज्यात ठिकठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी केली नाही, दुसऱ्या दिवशी केली. वर्तमानपत्रांनी याला त्याग म्हटलं. आमच्या गंज धुणाऱ्या माणसाला मी तसं म्हणालो तर तो हसला. कुर्बानीला त्यांच्याकडे तीन दिवस असतात, १० ते १२ जिल्हज, त्यामुळे धर्मातलं काही सुटलं नाही. पण नमाजाची वेळ अशी हलवता येत नाही. मिलादचा जुलूस हलवता येतो, २०२३ ला मुंबईत तो दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारनं सुट्टीही २९ सप्टेंबरला दिली. गुड फ्रायडेला सदर भागातल्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन ही वेळ घट्ट, त्या तीन तासांत बाहेरच्या रस्त्यावर बँड नको. घरचा गणपती दीड, पाच, सात, दहा, कधीही उठतो, पण मंडळाचा शेवटच्याच दिवशी. पेंडाल बांधताना कोणती दोरी सैल सोडायची आणि कोणती ताणून खुंटीला मारायची हे माहीत नसेल तर पहिल्या वाऱ्याला कापड फाटतं. प्रत्येक धर्मातही असंच आहे, आणि कुठे ढील आहे ते त्या धर्माच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. मंचावर ते कोणी विचारत नाही, कारण मंचावर प्रश्न विचारायचे नसतात.

सगळ्यात वाईट आठवडा आमच्यावर २०२२ च्या एप्रिलमध्ये आला होता. १० ला रामनवमी, १४ ला बाबासाहेबांची जयंती आणि त्याच दिवशी महावीर जयंती, १५ ला गुड फ्रायडे, १६ ला हनुमान जयंती, आणि वरून रमजान चालू, म्हणजे रोज संध्याकाळी इफ्तारीच्या सतरंज्या. करोनानंतरचं पहिलं मोकळं वर्ष, सगळ्यांना सगळं मोठं करायचं होतं. शहरातल्या प्रत्येक बिछायतवाल्यानं दुसऱ्याकडून खुर्च्या उसन्या घेतल्या. कोणत्या धर्माच्या खुर्चीवर कोणता धर्म बसला हे त्या आठवड्यात देवालाही सांगता आलं नसतं.

दोन मंडळांची एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची. २०१६ ला दसरा ११ ऑक्टोबरला आणि मोहरम १२ ला. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मंडळाचं अन्नदान होतं, मंडप माझा. तीच कनात आणि तेच टेबल पहाटे उतरवून दुसऱ्या वस्तीत सबीलीला द्यायचं होतं, मोहरमच्या सरबताला. रात्री सबीलीची पोरं टेम्पो घेऊन आली तर इकडे रांग हटेना. यवतमाळ, वाशिम, नांदेडकडचे लोक परतीची गाडी पकडायच्या आधी जेवून घेत होते, म्हाताऱ्या आयाबाया, काखेत पोरं. कनात कशी काढणार? पोरं जरा वेळ चुळबुळत उभी राहिली. मग एकानं बाह्या सारल्या आणि भाताची परात उचलली. म्हणाला, "भाऊ, आमी वाढतो, लवकर आटपेल." सद्भावनेपोटी नव्हे बरं का, कनात लवकर मिळावी म्हणून. पहाटेपर्यंत सगळ्यांनी मिळून पंगती उठवल्या, मंडप उतरवला, अन्नदानवाल्यांनी उरलेली साखर सबीलीला देऊन टाकली. आज ती माणसं एकमेकांच्या घरी जातात असं नाही. पण एकमेकांचे नंबर मोबाइलमध्ये आहेत, आणि पुढे मोहरम दसऱ्यापासून दूर गेला तरी त्यातली दोघं-तिघं अन्नदानाला येतात.

हे नंबर कामाला आले ते मागच्या वर्षी. १७ मार्च २०२५ ला महालात जे झालं ते नागपूरकरांना सांगायला नको. अफवेवरून सुरुवात, जाळपोळ, तीसहून अधिक पोलिस जखमी, पुढे एकाचा जीव गेला. कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतीनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर, कपिलनगर अशा अकरा ठाण्यांत संचारबंदी लागली, ती पूर्ण उठली २३ मार्चला. रमजान चालू होता. माझे गंज महालातल्या एका घरी तेरवीसाठी गेले होते ते तिथेच अडकले, आणि स्वयंपाकी दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत अडकला. त्या रात्री माझ्या फोनवर जे व्हिडिओ येऊन पडत होते त्यातले निम्मे नागपूरचे तरी होते की नाही कोण जाणे. पण अन्नदानवाला सबीलीवाल्याला फोन करून विचारत होता, "तुमच्याकडे काही झालं का?" तिकडून उत्तर, "काही नाही, गल्लीत कुत्रंबी नाही. तुमच्याकडे?" "आमच्याकडे पण काही नाही. झोपा मग." त्या दोन वस्त्यांत अफवा टिकली नाही. कोणी भाषण केलं नव्हतं, नुसता नंबर होता.

याच्या उलटही घडतं, तेही सांगतो. त्यानंतर काही दिवसांनी शहरातल्या एका मोठ्या सोसायटीची ऑर्डर आली. सगळं ठरलं, आगाऊ रक्कम द्यायच्या वेळी सचिवांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुमचे कारागीर कोणते आहेत?" मी म्हटलं, "चांगले आहेत." ते म्हणाले, "तसं नाही." मला कळलं होतंच. मी सांगितलं, बांबू बांधणारे गोंड आणि बौद्ध, लाइटवाला कोष्टी, स्वयंपाकी तुम्ही म्हणाल तो, आणि हे झालर-कनात शिवणारे टेलर मुसलमान. ऑर्डर गेली. ज्यांच्याकडे गेली त्यांच्या कनाती त्याच टेलरनं शिवलेल्या आहेत, त्याच मशीनवर. अख्ख्या शहराच्या देवांच्या डोक्यावरचं छत मोजकेच टेलर शिवतात आणि त्यातले बहुतेक कोण आहेत हे धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सोसायटीचा महाप्रसाद छान झाला असं ऐकलं.

मला वाटतं पूर्वी लोकांना ओळख करून घ्यायला मंच लागत नव्हता, कारण काम एक होतं. १८७७ साली एका पारशी माणसानं, जमशेदजी टाटांनी, इथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिच्यात कोष्टी, मोमीन, महार सगळे पाळीला जायचे. घरी हातमागही दोन्हीकडे, हलबा कोष्ट्यांकडे आणि मोमीनांकडे. सुताचा भाव चढला की दोघांचं पोट एकाच वेळी आवळायचं. त्या काळात सगळं गोड होतं असं नाही. १९२३ ला मशिदीसमोर दिंडीची वाद्यं वाजवण्यावरून इथे वाद झाला, १९२७ ला दंगल झाली, हा आपल्याच शहराचा इतिहास आहे आणि मेळाव्यांतली "नागपूरची उज्ज्वल परंपरा" तो गाळून टाकते. तरी भांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच साच्यावर शेजारी उभा असायचा. गिरण्या गेल्या. आता कित्येक पोरांना दुसऱ्या धर्माचा माणूस दिसतो तो फक्त मिरवणुकीत, डीजेच्या मागे, आणि तसा दिसलेला माणूस कोणाला आवडेल?

तर आता मागणी. प्रत्येक सणाआधी दोन-चार दिवस पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. माझ्याच खुर्च्या असतात, म्हणून मला कार्यक्रम पाठ आहे: स्वागत, शाल-श्रीफळ, मान्यवरांचं मनोगत, चहा-समोसा, फोटो. पहिल्या रांगेत दर वर्षी तीच माणसं, त्यातली काही आता काठी टेकत येतात. बैठकीत रस्ता, वेळ, आवाज, पाणी यांचा विषय निघतो तेव्हा समोसे आलेले असतात. भिवंडीचं उदाहरण पोलिसांना माहीत आहेच. १९८४ ला तिथे भयंकर दंगल झाली. पुढे १९८८ पासून उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, त्यांत पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली आणि पोलिसाला त्यांच्यासोबत बसवलं. बैठका सणापुरत्या नव्हत्या, गल्लीतली रोजची भांडणंही तिथे यायची. १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली ठराव करून फेब्रुवारीचा पहिला आठवडा जागतिक आंतरधर्मीय सद्भाव सप्ताह म्हणून दिला आहे, तो त्यांनी साजरा करावा, फेब्रुवारीत आम्हाला लग्नांमुळे मान वर करायला वेळ नसतो. आपल्याला भिवंडीसारखं काहीतरी हवं.

म्हणून माझं म्हणणं असं की वर्षातून एकदा, सणांचा हंगाम लागायच्या आधी, प्रत्येक झोनमध्ये एक बैठक व्हावी आणि तिला मंडपवाले, साउंडवाले, बँडवाले, आचारी, ताजिये आणि मूर्ती वाहणारे ट्रॅक्टरवाले, वीज कनेक्शन देणारे लाइनमन अशी माणसं बोलवावीत. धर्मगुरूही असावेत, पण भाषणाला नव्हे, कुठे ढील आहे ते सांगायला. टेबलावर दोन कॅलेंडरं आणि शहराचा नकाशा. कोणत्या दिवशी कोणता रस्ता कोणाचा, किती वाजेपर्यंत, हे लिहून खाली सह्या. आवाजाचंही तिथेच ठरावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद असतात आणि राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. हे १५ दिवस कोणाकोणाला मिळाले यावरून दर वर्षी कुजबुज चालते, कारण यादी वरून येते आणि वाटप कसं झालं ते कोणी सांगत नाही. सगळे समोर बसून शिफारस करतील तर निदान कुजबुज तरी थांबेल. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात धर्माचं स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवलं आहे, सगळ्यांचं सारखंच. ते कलम वाचून दाखवायला एक वकील बोलवला तरी चालेल, मात्र एकच.

बैठक संपताना प्रत्येकानं आपल्या शेजारच्या वस्तीतल्या दुसऱ्या धर्माच्या निदान दोन माणसांचे नंबर घेतलेच पाहिजेत. ठाण्याच्या नोंदवहीत नव्हे, स्वतःच्या मोबाइलमध्ये.

यंदाची बैठक १५ जूनच्या आत व्हावी, तोवर अधिक महिना आहे. त्यानंतर लगेच २६ जूनच्या सुमारास मोहरम, मग ताजबागेचा उर्स, २५ जुलैला आषाढी, आणि पोळा-मारबत, गणपती लागले की दिवाळीपर्यंत आमच्यापैकी एकही माणूस सापडणार नाही. जागा नसेल तर माझं गोडाऊन आहे. खुर्च्या आणि पंख्यांचं भाडं घेणार नाही, चहाचं पोलिस खात्यानं बघावं.

आपला नम्र,
एक बिछायतवाला
सक्करदरा, नागपूर